उजव्या हाताचा नियम आणि आकाशातून येणारे कण



ज्या शाळेच्या पत्र्याच्या वर्गात बसून मी विज्ञानाची पहिली अक्षरे गिरविली, त्याच शाळेने गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. निमंत्रण हाती आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न काही दिवस मनात घोळत होता. सीमाभागातील मराठी शाळांचे भवितव्य हा विषय अनेकांनी सुचविला. तो महत्त्वाचा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी येथे उपस्थित आहेत. परंतु गुरुजी विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांच्या नावाने होणारे व्याख्यान त्यांच्याच तासासारखे व्हावे, एखादी गोष्ट नीट समजावून सांगणारे व्हावे, असे मला वाटले. म्हणून आज मी दहावीच्या पुस्तकातील एक लहानसा नियम घेऊन आपणापुढे उभा आहे. गतिमान विद्युत प्रभारावर चुंबकीय क्षेत्रात कोणत्या दिशेने बल लागते, हे सांगणारा तो उजव्या हाताचा नियम होय.

या नियमाशी माझी ओळख एका फजितीतून झाली. ती हकीकत आधी सांगतो.

१. एका संध्याकाळचा प्रयोग

गोष्ट १९८३-८४ या शैक्षणिक वर्षातली. त्या काळी आपल्या भागात दूरदर्शन संच मोजक्याच घरी होते. घरावर उंच खांब उभारून, त्याला अँटेना बांधून, हैदराबादचे किंवा गुलबर्ग्याचे चित्र पकडावे लागे. चित्र काळेपांढरे आणि त्यावर बहुधा मुंग्या धावत असलेल्या. अशा एका घरी परवानगी काढून गुरुजींनी आम्हा दहावीच्या मुलामुलींना नेले. त्यांच्या खिशात एका निकामी ध्वनिवर्धकातून काढलेला लोहचुंबक होता.

संच सुरू करण्यापूर्वी त्यांनी आम्हाला समजाविले. या काचेच्या नळीच्या मागील टोकाकडून इलेक्ट्रॉन निघतात आणि पडद्याकडे, म्हणजे आपल्याकडे, वेगाने धावत येतात. जेथे ते आदळतात तेथे पडदा उजळतो. आता मी चुंबकाचे उत्तर टोक पडद्याच्या खालच्या बाजूस वर करून धरणार आहे. म्हणजे पडद्यापाशी चुंबकीय क्षेत्र खालून वर जाईल. चित्र कोणीकडे सरकेल, ते मला आधी सांगा.

मी वर्गातला पहिला विद्यार्थी. नियम मला तोंडपाठ होता. उजव्या हाताची बोटे कणाच्या वेगाच्या दिशेने धरावी, ती चुंबकीय क्षेत्राच्या दिशेकडे वळवावी, ताठ अंगठा बलाची दिशा दाखवितो. मी बोटे स्वतःच्या छातीकडे केली, वरच्या बाजूस वळविली; अंगठा डावीकडे गेला. मी ठामपणे सांगितले, ‘चित्र डावीकडे सरकेल.’ वर्गाने मान डोलाविली. केवळ एका मुलीने ‘उजवीकडे’ असे म्हटले आणि सगळे हसले, कारण तिने उत्तर काढताना डावा हात वापरला होता. ती डावखुरी होती. घरी जेवताना आणि शाळेत लिहिताना तिला त्यापायी बोलणी बसत. डाव्या हाताने केलेले काही बरोबर असेल, अशी कल्पना आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

गुरुजींनी चुंबक धरला. बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा वाकडा होऊन उजवीकडे ओढला गेला.

मी हटून बसलो. नियम चुकीचा आहे, किंवा चुंबकावरील खूण तरी चुकीची आहे, असे म्हणालो. गुरुजींनी दुसरा कोणताही चुंबक आणला नाही. ते एवढेच म्हणाले, ‘बाळ, धावणारा कण कोणत्या प्रभाराचा आहे, हे तू विचारलेसच नाहीस.’ इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचा. उजव्या हाताने मिळालेले उत्तर धन प्रभाराचे. ऋण प्रभारासाठी ते उलटवावयास हवे होते, आणि मी ते उलटविले नव्हते.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. हा प्रयोग काळ्यापांढऱ्या संचावरच करण्याजोगा होता. रंगीत संचाच्या पडद्यामागे धातूची एक सच्छिद्र जाळी असे. ती चुंबकाने भारली जाऊन रंग बिघडत. नळीचे संच आता घरांतून हद्दपार झाले आहेत. पण कोणाच्या माळ्यावर एखादा असल्यास हे ध्यानी असावे.

२. नियम नेमके काय सांगतो

आता नियमाकडे शांतपणे पाहू. विद्युत प्रभार स्थिर असेल तर चुंबक त्याच्यावर कोणतेही बल लावीत नाही. प्रभार चुंबकीय क्षेत्राच्याच रेषेत धावत असेल, तरीही बल शून्य. प्रभार क्षेत्राला आडवा जाऊ लागला की मगच बल लागते, आणि तो अगदी काटकोनात जात असेल तेव्हा ते सर्वाधिक असते. त्या वेळी बलाचे मूल्य काढणे सोपे आहे: प्रभार, वेग आणि क्षेत्र या तिन्हींचा गुणाकार.

दिशेचा प्रकार मात्र आपल्या रोजच्या अनुभवाहून वेगळा आहे. बैलगाडी ज्या दिशेने ओढावी त्या दिशेने जाते. हे बल कणाला ना वेगाच्या दिशेने ढकलते, ना क्षेत्राच्या दिशेने. ते दोहोंना लंब असते. एका पातळीत दोन दिशा दिल्या की त्या पातळीला लंब अशा दोनच दिशा उरतात: एक या बाजूची, एक त्या बाजूची. दोहोंपैकी खरी कोणती, एवढेच हात सांगतो. नियमाचे काम एवढेच आहे.

बल वेगाला सदैव लंब असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. हे बल कणाचा वेग वाढवीत नाही आणि कमीही करीत नाही. केवळ त्याचा मार्ग वळविते. समान क्षेत्रात आडवा शिरलेला कण म्हणूनच वर्तुळात फिरू लागतो. कणाचा संवेग जितका अधिक तितके ते वर्तुळ मोठे. क्षेत्र जितके प्रबळ तितके ते लहान.

नियमात चार गोष्टी गुंतलेल्या आहेत: कणाच्या वेगाची दिशा, क्षेत्राची दिशा, प्रभाराचे चिन्ह आणि बलाची दिशा. यांपैकी कोणत्याही तीन ठाऊक असल्या की चौथी काढता येते. परीक्षेत आपणाला बहुधा चौथी, म्हणजे बलाची दिशा, विचारतात. त्यामुळे नियम त्याच एका कामासाठी आहे, असा आपला ग्रह होतो. प्रत्यक्षात विज्ञानाच्या इतिहासात त्याचा मोठा उपयोग झाला तो तिसरी गोष्ट, म्हणजे प्रभाराचे चिन्ह, ओळखण्यासाठी. मी त्या संध्याकाळी जी गोष्ट विसरलो, नेमकी तीच.

३. तीन हातांचा गोंधळ

विद्यार्थ्यांची खरी अडचण वेगळीच असते. शालेय अभ्यासक्रमात हाताचे तीन नियम शिकविले जात आले आहेत. तारेभोवतीच्या क्षेत्रासाठी उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम, विद्युत चलित्रासाठी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आणि जनित्रासाठी फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम. मूल बिचारे परीक्षेच्या सभागृहात दोन्ही हात वाकडेतिकडे करून बसते आणि कोणता हात कोठे, हेच विसरते.

यातील शेवटचे दोन नियम मुळात एकच आहेत, हे कोणी सांगितले तर निम्मा गोंधळ मिटेल. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात तर्जनी क्षेत्र दाखविते, मधले बोट विद्युतधारा आणि अंगठा बल. विद्युतधारा म्हणजे धन प्रभाराची मानलेली गती. मग येथे डावा हात का? कारण बोटांना वाटून दिलेली कामे निराळी आहेत. हीच तीन बोटे उजव्या हाताची घ्या. तर्जनीला वेग द्या, मधल्या बोटाला क्षेत्र द्या. अंगठा तेच बल दाखवील. बोटांच्या कामांची अदलाबदल केली की हातही बदलावा लागतो. उत्तर एकच राहते.

जनित्राचेही तसेच. तेथे आपण तार चुंबकीय क्षेत्रातून ओढतो. तारेबरोबर तारेतले प्रभारही ओढले जातात, म्हणजे ते गतिमान होतात. गतिमान झाले की त्यांच्यावर आपल्याच नियमाने बल लागते आणि ते बल त्यांना तारेच्या लांबीतून ढकलते. तीच जनित्राची विद्युतधारा. चलित्रात प्रभार तारेतून धावतो आणि तार ढकलली जाते. जनित्रात तार ढकलली जाते आणि प्रभार तारेतून धावतो. नियम एकच.

म्हणून येथील शिक्षकबंधूंना माझी नम्र विनंती आहे. मुलांना एकच हात आणि एकच क्रम शिकवा: आधी वेग, मग क्षेत्र, मग अंगठा, आणि शेवटी प्रभाराचे चिन्ह. हा शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तरपत्रिकेवर लेखणी टेकवू नये, अशी सवय लावा.

४. निसर्गाला उजवा हात असतो काय?

त्या संध्याकाळी परत येताना आमच्यापैकी कोणीतरी गुरुजींना विचारले की, देवाने उजवाच हात का निवडला? गुरुजींनी दिलेले उत्तर समजण्यासाठी त्यांच्या आयुष्याची थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

गुरुजींचे शिक्षण निजामाच्या राजवटीत झाले. विज्ञान ते उर्दूतून शिकले. उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उच्च शिक्षणही उर्दूतून चाले आणि त्याची छाया जिल्ह्याच्या शाळांवर होती. त्यामुळे चुंबकाला ते लहानपणी ‘मकनातीस’ म्हणत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि ते मराठी शाळेत ‘लोहचुंबक’ शिकवू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर आपल्याच बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. गुरुजींनी तिशीत कन्नड शिकून घेतली आणि ‘अयस्कांत’ हा तिसरा शब्द त्यांच्या वहीत आला.

त्यांचे उत्तर असे होते. मी एका वस्तूची तीन नावे शिकलो. पण तिने लोखंड ओढण्याची रीत काही बदलली नाही. उजवा हात हेही असेच आपण ठरविलेले नाव आहे.

याचा अर्थ मला पुढे महाविद्यालयात उमगला. दोन समांतर तारांतून एकाच दिशेने विद्युतधारा वाहत असेल तर त्या तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. आंपेअरने १८२० मध्ये हे दाखविले. हे आकर्षण निसर्गाचे आहे. आपण ते दोन पायऱ्यांनी समजावितो. पहिली तार आपल्या भोवती क्षेत्र निर्माण करते, त्याची दिशा उजव्या हाताने ठरवितो. त्या क्षेत्रात दुसऱ्या तारेवर बल लागते, त्याची दिशाही उजव्या हाताने ठरवितो. आता दोन्ही पायऱ्यांवर डावा हात वापरून पाहा. मधले क्षेत्र उलटे येईल, पण शेवटी तारा एकमेकींकडेच ओढल्या जातील. हात दोनदा वापरला जातो, म्हणून त्याची निवड उत्तरात उरत नाही. एका पायरीवर उजवा आणि दुसरीवर डावा असे मात्र चालणार नाही. धन आणि ऋण ही नावेही अशीच, अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनच्या काळी रूढ झालेली. त्या वेळी ती उलटी ठेवली गेली असती तर इलेक्ट्रॉन धन ठरला असता आणि दूरदर्शनच्या पडद्यावरचा चेहरा तरीही उजवीकडेच सरकला असता.

नावे माणसांनी ठरविलेली असतात. एकदा ठरली की ती प्रामाणिकपणे पाळावी लागतात. सरकणे मात्र आपल्या हाती नाही.

५. आकाशातून येणारे कण

आता आपण दूरदर्शन संचाच्या नळीतून बाहेर पडून फार मोठ्या नळीत प्रवेश करू. येथे चुंबक आहे खुद्द पृथ्वी.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्या देशात फार पूर्वीपासून मोजले जात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम सुरू झाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या विद्युतधारेमुळे वेध बिघडू नयेत म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आली. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात या क्षेत्राचा आडवा घटक उत्तरेकडे रोखलेला असून त्याचे मूल्य सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. ध्वनिवर्धकातला तो लहानसा चुंबकही जवळून याच्या शेकडो पट प्रबळ ठरेल. परंतु पृथ्वीचे क्षेत्र हजारो किलोमीटर पसरलेले आहे, आणि दुबळे बलही लांबच्या प्रवासात आपला प्रभाव दाखविते.

ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून पाच किलोमीटरांहून अधिक उंची गाठली आणि वर जावे तसे हवेतील आयनीकरण वाढते, असे दाखविले. कोणते तरी भेदक किरण आकाशातून येत होते. पुढे त्यांना विश्वकिरण हे नाव पडले. हे किरण म्हणजे काय, यावर मोठा वाद झाला. अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन यांचे मत असे की, ते प्रकाशाचेच अतिभेदक रूप, म्हणजे प्रभाररहित, असावेत. तसे असते तर पृथ्वीच्या चुंबकत्वाला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हते. परंतु डच शास्त्रज्ञ याकोब क्ले यांना १९२७ मध्ये जावाहून युरोपकडे जाणाऱ्या बोटीवर असे आढळले की, विषुववृत्ताजवळ हे किरण कमी होतात. आर्थर कॉम्प्टन यांच्या जगभरच्या निरीक्षणांनी त्यास दुजोरा दिला. चुंबकीय क्षेत्र त्यांना अडविते आहे, म्हणजे ते प्रभारित कण आहेत, हे ठरले. पण धन की ऋण?

येथे आपला नियम उपयोगी पडला. इटलीचे ब्रुनो रॉसी यांनी १९३० मध्ये सुचविले की, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या कणांची संख्या मोजून तुलना करावी. त्यामागील तर्क आपण येथेच, या सभागृहात, पडताळून पाहू.

कृपया उत्तरेकडे तोंड करून उभे राहण्याची कल्पना करा. उजवा हात सैल खाली सोडा. बोटे जमिनीकडे आहेत. आकाशातून सरळ खाली येणाऱ्या कणाची हीच दिशा. आता तळवा समोर करा, म्हणजे बोटे वळतील ती उत्तरेकडे, पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने. अंगठा कोणीकडे आहे? उजवीकडे, म्हणजे पूर्वेस. धन कण पूर्वेकडे ढकलला जातो. आता डावा हातही तसाच सोडून तळवा समोर करा. त्याचा अंगठा पश्चिमेस आहे. ऋण कणाची दिशा ती. आमच्या वर्गातील त्या मुलीचे उत्तर बरोबर आले ते याच कारणाने. तिच्या डाव्या हाताने इलेक्ट्रॉनची दिशा परस्पर दाखविली होती. गुरुजींनी तेव्हा तिला शाबासकी दिली आणि लगेच सांगितले की, उत्तर बरोबर आले, आता ते का बरोबर आले हेही शिकून घे.

धन कण पूर्वेकडे वळतात, म्हणजे ते आपणाकडे पश्चिमेच्या बाजूने आल्यासारखे दिसतील. परंतु एवढ्यावरून पश्चिमेकडून येणारे कण संख्येने अधिक का असावेत, हे स्पष्ट होत नाही. ते समजण्यासाठी एक युक्ती आहे. कण आला तो मार्ग उलटा चालून पाहावा. मार्ग उलटा केला की वेगाची दिशा उलटते. तोच मार्ग राहावा यासाठी प्रभारही उलटा घ्यावा लागतो. म्हणून कल्पना करा की, आपण येथून आकाशाकडे एक ऋण कण सोडीत आहोत. डाव्या हाताने पाहिल्यास तो वर जाता जाता पूर्वेकडे वळतो. उत्तरेकडे पाहणाऱ्या माणसाला त्याचा मार्ग घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळताना दिसेल. हा कण पश्चिमेकडे कलता सोडला तर तो आधी वर वळतो, उंच चढतो आणि अवकाशात निसटण्याची त्याला अधिक संधी मिळते. पूर्वेकडे कलता सोडला तर तो जमिनीकडेच वाकतो. पुरेशी ऊर्जा नसेल तर पृथ्वीवरच येऊन आदळतो. जो मार्ग पृथ्वीपाशीच संपतो, त्या मार्गाने अवकाशातून कोणी येऊ शकत नाही. म्हणून मध्यम ऊर्जेच्या धन कणांना पश्चिमेचे दार उघडे आणि पूर्वेचे बंद असते. विश्वकिरण ऋण असते तर हे नेमके उलटे झाले असते.

१९३३ मध्ये मेक्सिको शहरात टॉमस जॉन्सन यांनी, तसेच लुइस आल्व्हारेझ व कॉम्प्टन यांनी मोजणी केली. पश्चिमेकडून येणारे किरण सुमारे दहा टक्क्यांनी अधिक भरले. त्याच वर्षी रॉसी यांनी आफ्रिकेतील एरिट्रियात, अस्मारा येथे, हाच निष्कर्ष अधिक ठळकपणे मिळविला. विश्वकिरण प्रामुख्याने धन प्रभाराचे आहेत, हे सिद्ध झाले. बहुसंख्य कण प्रोटॉन आहेत, हे पुढील वर्षांत स्पष्ट झाले. आकाशातून आलेल्या कणाला हातात धरता येत नाही, पण त्याच्या वळण्यावरून त्याचे चिन्ह वाचता येते.

याच काळात कार्ल अँडरसन यांनी नियमातील आणखी एक खाच दाखवून दिली. २ ऑगस्ट १९३२ रोजी त्यांच्या बाष्पाने भरलेल्या पेटीत, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, एका कणाचा वक्र मार्ग उमटला. कण वरून खाली आला असेल तर तो साधा इलेक्ट्रॉन. खालून वर गेला असेल तर इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन. वेगाची दिशा कळल्याशिवाय चिन्ह कळणार नव्हते. अँडरसन यांनी पेटीच्या मध्यभागी ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आधीच बसविला होता. पत्र्यातून जाताना कण ऊर्जा गमावतो आणि पुढे अधिक वाकतो. मार्ग पत्र्याच्या वरच्या बाजूस अधिक वाकलेला होता. म्हणजे कण खालून वर गेला होता. पॉझिट्रॉन सापडला. १९३६ चे नोबेल पारितोषिक हेस आणि अँडरसन यांना विभागून मिळाले. तीन गोष्टी ठाऊक असतील तरच चौथी मिळते, हे ते शिशाच्या पत्र्यानेच सांगितले.

६. आपल्या शिवारात उतरणारे फुगे

ही सारी कथा दूरदेशीची वाटेल. तिचे एक टोक आपल्या शिवारात आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात जलसंगी येथे एक प्रचंड फुगा आणि त्याला बांधलेली यंत्राची पेटी वस्तीत येऊन उतरली. चालुक्यकालीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले हेच ते गाव. लोक घाबरले. पुढे उलगडा झाला की, तो फुगा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडलेला होता. पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजनने भरलेले असे फुगे ३० ते ४० किलोमीटर उंच जातात. काम संपले की पेटी हवाई छत्रीने खाली येते. हैदराबादच्या पश्चिमेस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आपण राहतो. वरच्या थरातील वारे त्या दिशेने वाहत असले की बीदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर या भागात अशा पेट्या उतरतात. पेटीवर सूचना लिहिलेली असते. ती उघडू नये, हलवू नये, पोलिसांना वा सूचनेतील पत्त्यावर कळवावे.

परंतु हे केंद्र हैदराबादलाच का? होमी भाभा यांनी १९४० च्या दशकात बंगळूरला असताना विश्वकिरणांवर काम केले. १९३९-४० च्या हिवाळ्यात खुद्द मिलिकन भारतात येऊन आग्रा, पेशावर आणि बंगळूर येथून फुगे सोडून गेले होते. सर्वांना भारताचे आकर्षण होते, त्यामागे एक मोठे कारण आपला नियम होय. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाच्या आसपासून जाते. तेथे पृथ्वीचे क्षेत्र जमिनीला समांतर असते, आणि वरून येणाऱ्या कणाला ते सर्वाधिक आडवे पडते. हैदराबादच्या डोक्यावर सरळ खाली येण्यासाठी प्रोटॉनला सुमारे १६-१७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. त्याहून दुबळे प्रोटॉन वाटेतच वळविले जातात. ध्रुवांकडे असे कुंपण जवळजवळ नसते. क्षेत्र सर्वत्र ४० मायक्रोटेस्लाच असते असे मानले, तर अशा प्रोटॉनचे वर्तुळ सुमारे १,४०० किलोमीटर त्रिज्येचे होईल. यावरून ध्यानी येते की, हे वळणे आपल्या वातावरणात घडत नसून त्याच्या फार वर, अवकाशात घडते.

या कुंपणाचा दुहेरी लाभ झाला. पृथ्वी स्वतःच एक चाळणी बनून कणांची ऊर्जेनुसार निवड करून देते, हा एक. आकाशातील ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजावयाचे असतील तर विश्वकिरणांचा गोंगाट येथे कमी असतो, हा दुसरा. म्हणून १९६० च्या दशकाअखेरपासून हैदराबादेत या कामाचे कायमचे केंद्र उभे राहिले. विश्वकिरण, क्ष-किरण, अवरक्त किरण आणि वातावरण यांचा अभ्यास करणारी अनेक उपकरणे तेथून वर गेली. आपल्या शेतकऱ्याच्या तुरीच्या रानात उतरलेल्या पेटीचा संबंध असा त्याच्या मुलाच्या दहावीच्या पुस्तकाशी पोहोचतो.

७. समारोप

मित्रहो, गुरुजींनी मला शिकविलेला नियम चार ओळींचा होता. त्या चार ओळींनी मला एकदा भर वर्गात खोटे पाडले, आणि पुढे जन्मभर पुरेल अशी एक सवय लावली: उत्तर आणि वस्तुस्थिती जुळत नसतील, तर वस्तुस्थितीला दोष देण्यापूर्वी आपण कोणता प्रश्न विचारावयाचा राहिलो, ते पाहावे.

त्या डावखुऱ्या मुलीचीही आठवण ठेवावी, अशी माझी इच्छा आहे. वर्गात कोणी मूल डाव्या हाताने लिहीत असेल तर त्याचा हात बदलू नका. त्याच्या हातातून आलेले उत्तर नीट तपासा. निसर्गाने दोन्ही हातांना सारखेच खरे बोलू दिले आहे. कोणता हात कोणत्या प्रभारासाठी, एवढे आपण ठरवून पाळावयाचे असते.

मी येथे बोलत असताना, आकाशातील या कणांनी वातावरणात आदळून निर्माण केलेले म्यूऑन आपल्या सर्वांच्या अंगातून जात आहेत. तळहाताएवढ्या आडव्या जागेतून मिनिटाला साधारण शंभर. त्यांचे मूळ कण सीमा ओलांडून आले ते कोणत्याही राज्याची नव्हे, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची. आणि त्यांतील पुष्कळसे पश्चिमेच्या दाराने आले. आज घरी गेल्यावर उत्तरेकडे तोंड करून एकदा उभे राहावे, दोन्ही हात खाली सोडून तळवे समोर करावे आणि आपल्या मुलांना विचारावे, अंगठे कोणीकडे आहेत आणि का? तीच गुरुजींना खरी आदरांजली ठरेल.